अर्ध्या दाढीचा कायदा

येडबाचं नाव येडबा कुणी ठेवलं ते त्यालाही माहीत नव्हतं. ज्यानं कुणी ठेवलं त्याला माणसाची पारख नव्हती, एवढं मात्र पैजेवर सांगता येईल. चारठाण्याच्या अलीकडं, ओढ्याच्या वळणावर त्याची वाडी होती. घरं थोडी, मेंढरं जास्त. भरल्या कळपातून आपलं कोकरू नुसत्या ओरडण्यावरून ओळखणारा हा माणूस, पण त्याच्याशी बोलायला बसलं की वाटायचं, याच्या डोक्यात काही शिरतच नाही. कुणी काही विचारलं की तो आधी हनुवटी खाजवायचा, मग आभाळाकडं बघायचा, आणि विचारणारा कंटाळून उठून निघाला की त्याच्या पाठीला उत्तर द्यायचा. उत्तर बहुतेक वेळा बरोबर असायचं.

हनुवटी खाजवायचं कारण त्याची दाढी. ती दाढी म्हणजे बाभळीचं कुंपण होतं. आज काढली की उद्या परत खुंट वर यायचे. आणि त्याखालची कातडी मात्र तान्ह्या लेकराची. जरा ओढ बसली की लाल व्हायची, आणखी जरा बसली की रक्त. त्याची बायको केवळाबाई म्हणायची, देवानं घाईघाईत दाढी एकाची आन् कातडी दुसऱ्याची लावली, आणि चूक ध्यानात आल्यावर ती निस्तरायला भुजंगाला जन्माला घातलं.

भुजंग हा वाडीचा वारीक. या भागात न्हाव्याला वारीक म्हणतात. तो आणि येडबा एकाच उन्हाळ्यात जन्मले, एकाच ओढ्यात पोहायला शिकले आणि एकमेकांना शिव्या देत देतच उताराला लागले. भुजंगानं आयुष्यात पहिली दाढी केली ती येडबाची, आणि येडबानं पहिली दाढी करवली ती भुजंगाकडून. त्या दिवशी दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं, कारणं मात्र वेगवेगळी होती.

पुढं भुजंगाचा हात असा बसला की बघत राहावं. तो घाई करायचा नाही. आधी गरम पाणी आणि नुसती बोटं. केस मऊ पडेपर्यंत तो गाल चोळत राहायचा आणि तोंडानं गावातल्या खबरी सांगायचा. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसून माहेरी गेली. खबरी संपल्या की साबणाचा फेस, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा, आणि मग येडबाला डुलकी. ते राठ कुंपण कापून खालचा गाल रक्ताचा थेंब न काढता बाहेर आणणं ही भुजंगाची मिरासदारी होती. तिच्यावर कुणी हक्क सांगितला नाही.

त्याच्या बापानं मरताना त्याला वस्तऱ्या-पट्ट्याची धोकटी दिली आणि धोकटीबरोबर एक कायदा दिला. अर्धी दाढी टाकून वारकानं उठायचं नाही. सुरुवात कुणीही केलेली असो, अर्धा माणूस समोर आला तर त्याला पुरा करूनच सोडायचा. जुन्या काळी चोराची अर्धी दाढी काढून त्याला गावभर फिरवत. अर्धी दाढी चोराला शोभते, गिऱ्हाइकाला नाही, असं त्या म्हाताऱ्याचं म्हणणं होतं.

हा कायदा भुजंगानं किती मनावर घेतला होता ते पोलिस ॲक्शनच्या वेळी सगळ्या वाडीनं बघितलं. भादव्याचे दिवस होते. जिंतूरच्या सडकेनं फौज आली अशी आवई उठली. कुणाची फौज, कशाला आली, हे विचारायला कुणी थांबलं नाही. अख्खी वाडी उभ्या जवारीत घुसली. येडबाचा एक गाल तेवढा झालेला, दुसऱ्यावर फेस. तोही पळाला. आणि त्याच्यामागं, हातात उघडा वस्तरा घेऊन भुजंग पळाला. बघणाऱ्यांना वाटलं, फौजेच्या आधी इथंच मुडदा पडतो. भुजंगानं त्याला जवारीच्या दोन ओळींमधल्या तासात गाठला, मानगूट धरून खाली बसवला आणि दुसरा गाल पुरा केला. फौज त्या वाटेनं आलीच नव्हती. पण फौज आली असती तरी येडबा दोन्ही गालांनी तयार होता, असं वाडीत पुढं बरीच वर्षं सांगत.

मग दिवस पालटले. निजामाचा हाली शिक्का गेला, तहसिलीतले कागद मराठीत यायला लागले, आपण हैदराबादचे होतो ते मुंबईचे झालो. देवगाव फाट्यावर मोटारी थांबायला लागल्या. आणि त्याच सुमाराला भुजंगाला हिवतापानं धरलं. ताप गेला, पण जाताना त्याच्या उजव्या हातात थरथर ठेवून गेला.

मग देवगाव फाट्यावर एका न्हाव्यानं खुर्ची आणि मोठा आरसा मांडून दुकान काढलं, आणि वाडीतल्या गड्यांना एकाएकी फाट्यावर कामं निघायला लागली. फाट्यावरून येताना त्यांचे गाल गुळगुळीत असायचे. भुजंगाच्या दारावरून जाताना ते उपरणं तोंडावर घ्यायचे, जणू धूळ फार आहे.

एकटा येडबा मात्र भुजंगाच्या दारातल्या लिंबाखाली येऊन बसायचा. डोळे मिटून गाल पुढं करायचा. उठताना त्याच्या तोंडावर जखमा असायच्या आणि तो म्हणायचा, लय झ्याक झाली. भुजंग तुरटी फिरवायचा आणि मान खाली घालायचा. पूर्वी पाणी लावताना खबरी सांगणारा हा माणूस आता चकार शब्द बोलायचा नाही. घरी केवळाबाई हळद लावताना चिडायची, आणि येडबा तिला सांगायचा की जखमा काही झोंबत नाहीत. ते खरंच होतं. त्याला झोंबायचं ते भुजंगाचं गप्प राहणं.

अशात येडबाच्या पोराचं, धोंडीबाचं लग्न ठरलं. मुलगी सेलूकडची. तिचे वडील दत्तराव हे शकुन-अपशकुन फार बघणारे. घरून निघताना मांजर दिसलं तर गाडीचे बैल सोडून परत घरात जाऊन बसणारे. वैशाखातली तिथी निघाली. आता लग्नात नवरदेवाची दाढी करायचा मान गावच्या वारकाचा. हळदीच्या आधी तो नवरदेवाला पाटावर बसवतो, आणि त्या वेळी नवरदेवाच्या अंगावर जे कापड असेल ते उतरलं की वारकाचं होतं. धोंडीबाचं जावळ भुजंगानंच काढलं होतं. त्याच्या लग्नातली दाढी दुसरा कुणी करील हे येडबाच्या मनातही आलं नव्हतं.

पण सुपारी फोडायला आलेल्या दत्तरावांनी येडबाचे गाल बघितले. चौकशी केली. मग निघता निघता गाडीजवळ थांबून ते म्हणाले, "पाव्हणं, वाईट वाटून घिऊ नका. हळदीआधी नवरदेवाच्या तोंडाला रगत लागलेलं मला चालायचं न्हाई. तुमच्या वारकाला ऱ्हाऊ द्या. फाट्यावरचा आमी बलावतो."

येडबानं हनुवटी खाजवली. आभाळाकडं बघितलं. दत्तराव गाडीत बसले, गाडी ओढा उतरून पलीकडं गेली, तेव्हा तो त्या धुळीला म्हणाला, "भुजंगच करील."

दुसऱ्या दिवशी भुजंगाचाच निरोप आला. त्याच्या कानावर गेलंच होतं. दत्तराव खरं तेच बोललेत, धोंडीबाला फाट्यावरच्याकडंच बसवा, एवढाच निरोप. निरोप सांगून भुजंगाची बायको धुरपताबाई डोळ्यांना पदर लावून निघून गेली. धोकटी खुंटीला टांगली आहे आणि भुजंग जेवत नाही, हे तिनं केवळाबाईला जाताना सांगितलं.

येडबाला त्या रात्री एक जुनी गोष्ट आठवली. मागं लोकर विकायला गेला असताना सेलूच्या टेसनावर त्यानं एक प्रवासी बघितला होता. गाडीच्या खिडकीशी बसून तो कसल्याशा मशीननं दाढी करत होता. गाडी हिसका देऊन सुटली, डबा हलला, माणूस हलला, हात हलला, आणि तरी त्याच्या गालाला काही झालं नाही. येडबा तेव्हा गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला होता. हलणाऱ्या हातानं जी दाढी होते ती भुजंगाच्या हातानं का होऊ नये, एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली आणि बसली.

लोकरीचं गाठोडं घेऊन तो सेलूला गेला. बन्सीधरच्या दुकानात सुईदोऱ्यापासून कंदिलाच्या काचेपर्यंत सगळं मिळायचं. दाढीचं मशीन म्हटल्यावर त्यानं दोन चकचकीत मशीनं काढून ठेवली आणि विचारलं, दाढी कुणाची करायची. येडबानं सांगितलं, दाढी माझ्यासारखी, हात थरथरणारा. बन्सीधरनं त्याच्या गालाला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. मग स्टूल घेऊन वर चढला आणि फळीवरच्या धुळीतून एक कातडी डबी खाली आणली. परभणीचे एक जुने अंमलदार हैदराबादेला निघून गेले, त्यांच्या बंगल्यातलं सामान हर्रासात, म्हणजे लिलावात निघालं, त्यात ही आली होती. आजवर कुणी घेतली नाही, म्हणाला. पण राठ दाढीला हेच. ज्याची दाढी मऊ आहे त्यानं याच्या वाटेला जाऊ नये. गरम पाणी भरपूर लावायचं आणि मशीन अजिबात दाबायचं नाही. ते आपल्या वजनानं चालतं.

येडबाला डबी आवडली. इतकी चांगली डबी असल्यावर आतलं काय बघायचं, म्हणून त्यानं ती न उघडताच मुंडाशात खोचली. याला म्हणतात येडबा, असं कुणी म्हणालं तर या वेळेपुरतं ऐकून घ्यावं लागेल.

डबी उघडली केवळाबाईनं. आत तीन तुकडे: एक दांडी, एक खालची दातेरी पट्टी, एक वरचं झाकण. पट्टी आणि झाकणाच्या मधे पातं धरायचं आणि खालून दांडीनं आवळायचं. केवळाबाईनं जुळवून बघितलं, डोळ्यांसमोर धरलं, आणि म्हणाली की हे वाकडं आहे. येडबानं बघितलं. खरंच वाकडं होतं. पापड भाजताना मुरडतो तसं त्याचं तोंड मुरडलेलं होतं. एक कोपरा वर, दुसरा खाली. पातं बसवलं तर तेही तिरपं बसत होतं. येडबाचं तोंड उतरलं. हर्रासात आपटलं असणार, आणि बन्सीधरनं धनगर बघून गळ्यात मारलं असणार. पण वस्तू लोखंडाची दिसत होती, आणि वाकडं लोखंड सरळ करायला वाडीत लोहार होता.

केवळाबाईला विळ्याचे दाते काढून घ्यायचे होते, म्हणून तीही बरोबर निघाली. लोहारानं झाकण ऐरणीवर ठेवलं, उलटंपालटं केलं, दोन ठोक्यांत सरळ करतो म्हणाला आणि हातोडा उचलला. येडबा बाजूला बसला होता. त्याच्या हातात ती खालची पट्टी होती. सहज त्याची नजर पट्टीवरून झाकणावर गेली आणि तो थांब म्हणून ओरडला. येडबा ओरडला याचंच लोहाराला इतकं नवल वाटलं की हातोडा तसाच वर राहिला.

येडबानं झाकण उचलून पट्टीवर ठेवलं. दोन्ही एकमेकांत बसली, केसाएवढीही फट राहिली नाही. आपटून वाकली असती तर दोन्ही सारखीच कशी वाकली असती? कळपात दोन कोकरं एकाच पायानं फेंगडी निघाली तर कुणी त्याला अपघात म्हणत नाही. बाप एकच असतो. हे मुद्दाम असंच केलंय, असं तो म्हणाला. पण मुद्दाम वाकडं कशाला करतील, हे काही त्याला सांगता येईना.

केवळाबाई विळ्याच्या धारेवर बोट फिरवत उभी होती. "इळा काय सरळ हानतेत का?" ती म्हणाली. "तिरपाच वढतेत. सरळ हानला तर जवारी कापत न्हाई, निसती लवती."

लोहारानं हातोडा खाली ठेवला. त्याचा जरा हिरमोडच झाला.

आता खात्री करायला हवी होती. भुजंगाच्या हातात न तपासलेली वस्तू द्यायची नाही, हे येडबानं ठरवलं होतं. म्हणून आधी त्यानं ते मशीन आपल्या म्हाताऱ्या मेंढ्याच्या मानेवर चालवून बघितलं. लोकर मशीनमध्ये अशी काही अडकली की ती काढेपर्यंत मेंढा त्याच्याकडं रागानं बघत उभा होता. मग तो ओढ्यावर गेला, तीन दगडांवर पाणी तापवलं, केवळाबाईचा आरसा बाभळीच्या बेचक्यात ठेवला आणि स्वतःच्या गालाला फेस लावला.

पहिल्याच ओढीला त्यानं घात करून घेतला. मेंढरं कातरणारा हात. त्याला दाबायची सवय. हनुवटीवर रक्ताचा थेंब आला. मग त्याला बन्सीधरचं बोलणं आठवलं. परत पाणी लावलं, चोळत बसला, भुजंग चोळायचा तेवढा वेळ. बोटं सैल केली. दांडी गालापासून जरा लांब धरली, केस ज्या बाजूला झुकतात त्या बाजूनं, आखूड आखूड ओढलं. मशीन आपल्या वजनानं उतरू लागलं. वाळलं गवत मेंढरानं खुडावं तसा बारीक आवाज येत होता आणि ओढ कसली ती बसत नव्हती. तिरपं पातं त्या राठ केसांतून सरकत होतं. एक गाल झाला. येडबानं त्यावर हात फिरवला, उलटा फिरवला, परत फिरवला. भुजंगाच्या आजारपणानंतर असा गाल त्याला लागलाच नव्हता. तो आनंदानं एकटाच हसला.

दुसऱ्या गालावर फेस तयार होता. मशीन उचललं आणि तो थबकला. हे भुजंगाला द्यायचं कसं? नुसतं हातावर ठेवलं तर त्याला एकच ऐकू येईल, की तुझा वस्तरा संपला. पुरी दाढी करून गेलो तर त्याहून वाईट; हा फाट्यावर जाऊन आला, किंवा आता याला वारीक लागत नाही, असं वाटेल. आयुष्यभर ज्याच्यापुढं मान दिली त्याला हे दाखवायचं? येडबा पाण्याकडं बघत बसून राहिला. फेस वाळायला लागला. आणि मग त्यानं घोंगडीच्या टोकानं तो दुसरा गाल तसाच पुसून टाकला, मशीन धुऊन डबीत ठेवलं आणि वाडीकडं चालू लागला.

एक गाल लोण्यासारखा आणि दुसऱ्यावर कुंपण, असा माणूस भर सकाळी गावातून चालला की काय होतं ते सांगायला नको. विहिरीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पारावरून कुणी विचारलं, कुणाच्या घरी चोरी केली. कुत्रीसुद्धा भुंकली. येडबानं तोंड झाकलं नाही.

भुजंग दारातल्या बाजेवर बसला होता. त्यानं मान वर केली आणि बघतच राहिला.

"कुनी केली?"

"म्या."

"मंग पुरी कर."

"जमंना."

भुजंग उठला. त्यानं त्या झालेल्या गालावर बोटं ठेवली आणि केसांच्या उलट दिशेनं वर नेली. त्याची बोटं थरथरत होती, पण बोटांची पारख गेली नव्हती. असा गाल ज्याला जमतो त्याला दुसरा जमतोच, हे त्याला कळायला वेळ लागला नाही.

"खोटं बोलायलास," तो म्हणाला.

"बोलायलोय," येडबा म्हणाला. "पर आर्दी हाय का न्हाई, तेवढं सांग."

भुजंगानं धुरपताबाईला पाणी तापवायला सांगितलं आणि खुंटीवरची धोकटी काढली.

लिंबाखाली दोघं समोरासमोर बसले. भुजंगानं पाणी लावलं, चोळलं, फेस केला. वस्तरा काढून पट्ट्यावर घासला. तो गालाजवळ नेला तेव्हा पात्यावरचं ऊन थरथरत येडबाच्या मुंडाशावर नाचायला लागलं. येडबानं नेहमीसारखे डोळे मिटले आणि गाल पुढं केला. इतक्या जखमा झालेला तो गाल, आणि तो तरीही पुढं येत होता. भुजंगानं वस्तरा मिटून ठेवला.

"दे ते काय आनलंयस ते."

येडबानं डबी दिली. भुजंगानं मशीन हातात घेतलं, त्याचं मुरडलेलं तोंड बघितलं, पात्याचा तिरकसपणा बघितला, अंगठ्याच्या नखावर जरा टेकवून बघितलं. दाबू नको, हे सांगायला येडबानं तोंड उघडलं आणि मिटलं, कारण भुजंगानं ते दोन बोटांत नुसतं धरलं होतं, चिमणीचं पिलू धरावं तसं. मशीन गालाला टेकलं. थरथर मनगटातून दांडीपर्यंत आली, पण मशीनचं तोंड गालावर बसलं होतं ते हललं नाही. पातं आपल्या वाटेनं चालत राहिलं. पहिल्या दोन-चार ओढींना भुजंगानं श्वास कोंडून धरला होता. मग तो सुटला. थोड्या वेळानं भुजंग म्हणाला की पाटलाच्या काळ्या म्हशीनं परत लाथ मारून चरवी सांडली. पुढं म्हणाला, की त्या म्हशीचं काही चुकलं नाही, धार काढणाराच तसा आहे.

खबरी सुरू झाल्या होत्या. येडबाला डुलकी लागली.

जागा झाला तेव्हा दोन्ही गाल सारखे होते. तुरटी धोकटीतच होती. ती काढायची गरजच पडली नव्हती. भुजंग समोर बसून रडत होता आणि लपवत नव्हता. येडबाही मग मोकळेपणी रडला. धुरपताबाईनं दोघांपुढं चहा ठेवला आणि आत गेली.

"धोंडीबाची हळद कवा हाय?" भुजंगानं विचारलं.

लग्नाला वऱ्हाड सेलूकडं गेलं, आणि बैलगाडीत धोकटी मांडीवर घेऊन भुजंगही गेला. दत्तरावांनी त्याला बघितलं, त्याचा हात बघितला, आणि त्यांचं कपाळ आठ्यांनी भरलं. फाट्यावरचा न्हावी नवा कोट घालून आधीच येऊन उभा होता. धोंडीबा पाटावर बसलेला, कुणापुढं मान द्यायची ते त्याला कळेना. एवढ्या माणसांत भुजंगाला परत पाठवलं असतं तर तो पुन्हा धोकटीला हात लावणार नव्हता, हे येडबाला पक्कं ठाऊक होतं. या खेपेला त्यानं आभाळाकडं बघितलं नाही.

"एक गाल भुजंगाला करू द्या," तो म्हणाला. "रगताचा थेंब दिसला तर दुसरा फाट्यावरचा करंल. माझा शब्द हाय."

दत्तरावांनी आपल्या खांद्यावरचं कोरं पांढरं उपरणं काढलं आणि नवरदेवाच्या खांद्यांवर पसरलं. डाग पडला तर दिसला पाहिजे. भुजंगानं पाणी लावलं. धोंडीबाची दाढी कोवळी. वाकडं मशीन कोवळ्या दाढीला फार कडक, हे भुजंगाच्या बोटांना एव्हाना समजलं होतं. त्यानं फेस दाट केला आणि हात आणखी हलका. सगळा मांडव त्या थरथरत्या मनगटाकडं बघत होता, आणि केवळाबाई तर डोळे मिटून पुटपुटत होती. एक गाल झाला. दत्तराव वाकले. गाल बघितला, हनुवटी बघितली, उपरणं उचलून उजेडात धरलं. पांढरंच होतं.

तरी त्यांचं मन घेईना. त्यांनी फाट्यावरच्या न्हाव्याला खूण केली. तो पुढं आला, पाटाजवळ उभा राहिला, धोंडीबाचा झालेला गाल त्यानं नीट बघितला. मग भुजंगाकडं बघून त्यानं हात जोडले. "आर्दी टाकून वारीक उठत न्हाई," तो दत्तरावांना म्हणाला. "आता ती त्येंचीच. मला हात लावता येत न्हाई." म्हणजे तो कायदा फाट्यावरही चालत होता; खुर्ची आणि आरसा आला म्हणून तो मोडला नव्हता.

भुजंगानं दुसरा गाल केला. थेंब आला नाही. मग त्यानं वस्तरा काढला, मिटलेलाच नवरदेवाच्या कपाळाला टेकवला, बापाचं नाव घेतलं आणि परत ठेवून दिला. हळदीच्या वाट्या पुढं आल्या. त्या गडबडीत त्यानं धोंडीबाच्या खांद्यावरचं ते कोरं उपरणं शांतपणे काढलं, घडी घातली आणि धोकटीत ठेवलं. दत्तराव बघत राहिले. नवरदेवाच्या अंगावरचं उतरलेलं कापड वारकाचं. त्याला ते तरी काय करणार? मुलीच्या लग्नात ते बिनउपरण्याचेच फिरले, आणि पुढं भेटले की या गोष्टीवर स्वतःच सगळ्यांत जास्त हसायचे.

वाडीतल्या गड्यांची फाट्यावरची कामं हळूहळू कमी झाली. लिंबाखाली परत पाणी तापायला लागलं. पाती संपली की येडबा सेलूहून आणायचा. आपण बन्सीधरला मनातल्या मनात लबाड म्हटलं याची त्याला इतकी लाज वाटायची की दर वेळी तो त्याच्यासाठी शेळीच्या दुधाचा खरवस घेऊन जायचा आणि कशाबद्दल ते सांगायचा नाही. एक खोड मात्र त्याला लागली ती लागली. भुजंगाकडून मशीन मागून आणून स्वतःचा एक गाल तो अधूनमधून घरीच करायचा आणि दुसरा घेऊन गावातून चालत भुजंगाकडं जायचा. लोकांनी हसणं सोडून दिलं होतं.

महाराष्ट्र झाला त्या वर्षी, पावसाळ्यानंतर, भुजंगाला परत तापानं गाठलं. या वेळी तो बाजेवरून उठला नाही. हात, पाय, सगळंच थकलं. दाढी वाढली. वारकाची दाढी कोण करणार? येडबा गरम पाण्याचा तांब्या घेऊन आला, बाजेशी बसला आणि काही न विचारता पाणी लावायला लागला. खबरी सांगायचा त्यानं प्रयत्न केला, पण त्याच्याजवळ मेंढरांच्याच होत्या. त्यानं त्या सांगितल्या. भुजंग डोळे मिटून ऐकत होता. मशीन हलक्या हातानं उतरत होतं. एक गाल झाला, तो येडबानं पुसला. मग मशीन धुतलं, डबीत ठेवलं आणि डबी बंद केली.

भुजंगानं डोळे उघडले. "आरं, दुसरा?"

"उद्या."

"वारकाला कायदा शिकवायलास का?"

"आर्दी टाकून उठायचं न्हाई, हे तुझाच बाप सांगून गेला," येडबा म्हणाला. "मंग आर्द्या दाढीनं तुलाबी उठून जाता यायचं न्हाई."

भुजंग हसला. हसताना त्याला खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर तो परत हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी येडबा तांब्या घेऊन आला, तेव्हा भुजंग भिंतीला टेकून, राहिलेला गाल दाराकडं करून बसला होता.